गाठीला हात लावायचा नाही

माझ्या मानेतली गाठ मी पहिल्यांदा मोजली ती कंपनीच्या व्हर्नियरने. व्हर्नियर म्हणजे लोखंडी पार्ट मोजायची सरकत्या जबड्याची पट्टी. मी महाळुंग्याच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. वीसेक वर्षं माझं काम एकच: मशीनवरून आलेला पार्ट उचलायचा, जबड्यात धरायचा, आकडा वाचायचा आणि ठरवायचं, हा गाडीत बसणार की भंगारात जाणार. तर एका सकाळी दाढी करताना डाव्या कानाखाली, जबड्याच्या हाडामागे, बोटाला वाटाण्याएवढं काहीतरी लागलं. शहाणा माणूस डॉक्टरकडे गेला असता. मी कामावर गेलो, व्हर्नियर पुसला, शून्यावर आणला आणि मानेला लावला. आठ पूर्णांक चार मिलिमीटर.

आता सांगताना मजा वाटते, पण त्यानंतरचे पाच महिने मजेचे नव्हते. ताप नाही, दुखणं नाही, एक दिवस अंथरूण धरलं नाही, आणि तरी आयुष्यात इतका कधी दमलो नव्हतो. भीती अंगमेहनतीसारखीच असते. संध्याकाळी पाठ दुखते. ज्यांच्या मानेत अशी बारकी गाठ आहे, जी जात नाही आणि बोलतही नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गाठ कशाची ते डॉक्टर सांगतील. गाठीपायी माणूस किती मूर्ख होतो ते मी सांगतो, त्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

दादा

माझा थोरला भाऊ चार वर्षांपूर्वी गेला. सुरुवात मानेतल्या गाठीनेच झाली होती. "सर्दीची आसंल," असं म्हणून त्याने गळ्याला टॉवेल गुंडाळला, आणि पाण्याचे टँकर फिरवत सात महिने काढले. आवाज बसला तेव्हा वहिनीने ओढून दवाखान्यात नेला. कॅन्सर होता आणि उशीर झाला होता. वर्षभरात दादा गेला.

त्या वर्षभर आमच्या निघोज्याच्या घरात एकच नियम होता, आईला कळू द्यायचं नाही. तिला सांगितलं, घशाला सूज आहे. दादा घरी यायचा तो मफलर बांधून, आई विचारायची ते जेवलास का एवढंच. आम्हाला वाटायचं, आपण तिला जपतोय. तिला खरं कळलं ते ज्या दिवशी दादाला ॲम्ब्युलन्समधून उतरवलं त्या दिवशी.

त्यामुळे बोटाखाली ती गाठ आली तेव्हा मला फोनवर काही शोधायची गरज पडली नाही. मला सगळं पाठ होतं. प्रश्न एकच होता: दादाचीच गाठ माझ्याकडे आली आहे का? आणि आली असेल, तर आईचा दुसरा मुलगाही तिच्या डोळ्यांदेखत जाणार का? हा प्रश्न मी कोणालाच विचारला नाही. व्हर्नियरला विचारला.

तीन रीडिंग

आमच्याकडे पद्धत अशी की शिफ्टचा पहिला पीस मोजायचा, मधला मोजायचा, शेवटचा मोजायचा. मी मानेलाही तीच पद्धत लावली. वहीच्या मागच्या पानावर तारखा टाकून आकडे लिहायला लागलो, मग त्यांचा आलेख काढला. पार्टचा आलेख काढताना इतका नीटनेटका मी कधी नव्हतो.

तिसऱ्या आठवड्यात टूलरूमच्या युनूसभाईने पकडलं. युनूसभाई आमच्या बाजूचेच, दादाचे दोस्त, हत्यारांना धार लावता लावता माणसांनाही लावणारे.

"विलासराव, हा कुठला पार्ट? ड्रॉइंग दाखवा की."

मी व्हर्नियर खाली घेतला. ते हसत जवळ आले, मान बघितली, वही बघितली आणि हसायचे थांबले.

"मंगलवहिनींना सांगितलं?" मंगल माझी बायको.

"नाही."

"शोभावहिनींना?"

"त्यांना कसं सांगू? त्यांनी दादाचं सगळं केलंय."

"म्हणजे घरात कोणाला नाही, फक्त व्हर्नियरला सांगितलं. वा रे भावा!"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पाठीमागून येऊन त्यांनी माझ्या कॉलरला पिवळं लेबल चिकटवलं. पास झालेल्या पार्टला हिरवं, भंगाराला लाल, आणि ज्याचं अजून काही ठरलेलं नाही त्याला पिवळं, त्यावर लिहिलेलं असतं 'होल्ड'. अर्धी शिफ्ट मी ते घेऊन हिंडलो. पोरं हसत होती आणि मला कळत नव्हतं का हसतायत. काढून टाकलं तेव्हा रागही आला नाही. एवढा खरा शेरा माझ्यावर कोणी मारला नव्हता.

गावातल्या डॉक्टरांकडे मात्र युनूसभाईंनी नेलंच. त्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, राहिली तर महिन्याने दाखवा. राहिली. मी काही दाखवली नाही. आलेख मात्र वर चढत होता: आठ चार, आठ नऊ, नऊ सहा, दहा दोन. आमच्या कामात एक नियम आहे, सलग सात रीडिंग एकाच दिशेने सरकली तर आकडा मर्यादेत असला तरी मशीन थांबवायचं. माझी नऊ झाली होती. मी मशीन थांबवलं नाही, जेवण थांबवलं. घास घशाखाली उतरेना. पँट सैल झाली. मग फोनवर वाचलं की वजन घटणं वाईट लक्षण. म्हणून आणखी घास उतरेना. रात्री घाम येणंही वाईट, असं लिहिलं होतं. मे महिना, पत्र्याची खोली, पंखा गरम हवा ढवळतोय; घाम नाही तर काय थंडी येणार? पण तेव्हा तो घाम मला कॅन्सरचाच वाटला.

"भाऊजी, मान सोडा"

पकडलं शेवटी वहिनीने. ती ओट्यावर मेथी निवडत होती, मी समोर पेपर धरून बसलो होतो.

"भाऊजी, मान सोडा."

"काय?"

"मघापासून बघतेय. पेपर एका हातात, दुसरा हात मानेत. पान उलटायलासुद्धा हात काढत नाही तुम्ही."

मी हसायचा प्रयत्न केला. तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली, हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर उभी राहिली. "दाखवा."

मी मान वळवली. ती लांबूनच बघत राहिली. हात लावला नाही. मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, "उद्या रजा टाका."

"उद्या कस्टमरचं ऑडिट आहे."

"त्यांना म्हणावं, आमच्या माणसाचंच ऑडिट आहे."

त्या संध्याकाळी बायकोला सांगावं लागलं. मंगल कामगारांचे डबे करते. चाळीस पोळ्या लाटून झाल्या होत्या, हातात लाटणं होतं. मी सांगितलं आणि एक पाऊल मागे सरकलो. तिने लाटणं खाली ठेवलं. ते जास्त वाईट.

"युनूसभाईंना माहीत. कंपनीतल्या पोरांना माहीत. मी समोर ताट वाढते दोन्ही वेळा, मला नाही."

"तुला कशाला घोर म्हणून..."

"दादांच्या वेळी आईंबद्दल हेच म्हणत होता ना?"

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पोळ्या वाढायची, पण ताटाकडे बघून. आणि गंमत बघा, एवढं ऐकूनही तिघांनी मिळून ठरवलं काय, तर आईला सांगायचं नाही. सवय झाली होती घराला. पुढच्या खोलीत आई टीव्ही बघायची आणि आम्ही मागे चोरांसारखे कुजबुजायचो.

"काय चाललंय रं तिकडं?" आई विचारायची.

"काही नाही आई, कंपनीचं."

"कंपनी लई हळू बोलती आजकाल," आई म्हणायची आणि टीव्हीचा आवाज वाढवायची.

तोच दवाखाना

आईला सांगितलं, वहिनीला चष्म्यासाठी नेतोय. मोशीच्या चौकात ट्रेलरांच्या मागे अर्धा तास उभे राहून आम्ही चिंचवडच्या हॉस्पिटलात पोचलो. दादाला नेलं होतं तेच. दुसरीकडे जाऊ म्हणालो तर वहिनी म्हणाली, "इथलं मला सगळं माहीत आहे. नवीन ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून कोण शिकणार?"

खरंच माहीत होतं. नंबर कुठल्या खिडकीवर लवकर मिळतो, कुठली लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबत नाही, कुठल्या बाकावर पंख्याचं वारं येतं, चहा कुठला प्यायचा आणि कुठला प्यायचा नाही. मी तिच्या मागे लहान पोरासारखा चाललो होतो. एका बाकाजवळ आलो, रिकामा होता, मी बसायला गेलो. ती म्हणाली, "तिथे नको." का, ते मी विचारलं नाही. आम्ही तासभर उभे राहिलो.

डॉक्टर बाई होत्या, माझ्यापेक्षा वयाने लहान. मी खुर्चीत बसलो आणि खिशातून आलेखाचा कागद काढून टेबलावर पसरला. त्यांनी तो इतक्या गंभीरपणे वाचला की मला वाटलं, चला, शेवटी एक जाणकार भेटलं.

"हे तुम्ही काढलंय?"

"हो मॅडम. रोज तीन रीडिंग. लीस्ट काउंट पॉइंट शून्य दोन, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत बरोबर."

"आणि मधल्या वेळात?"

"मधल्या वेळात हाताने."

"दाबून?"

"दाबल्याशिवाय लागत नाही ना."

त्यांनी माझी मान उजेडात वळवली. वहिनीकडे बघून म्हणाल्या, "ही लाली बघितलीत? दिवसभर चिमटे काढताय हो तुम्ही. कातडी सुजलीय, गाठही चिडलीय, आणि तुम्ही कातडीसकट मोजताय. हा आलेख गाठीचा नाही, तुमच्या बोटांचा आहे."

वीस वर्षांच्या नोकरीत माझं रीडिंग कोणी असं फेटाळलं नव्हतं. वहिनीने तोंडाला पदर लावला. कित्येक महिन्यांनी मी तिला हसताना बघितलं, आणि तेही माझ्यावर.

मग त्यांनी गळा, काखा, पोट, सगळं तपासलं. डोक्यातला कोंडा बघितला, मी नखांनी खाजवून केलेल्या जखमा बघितल्या. तोंड उघडायला लावलं.

"ही डावीकडची दाढ कधीपासून अशी आहे?"

"तुटली होती दिवाळीत. दुखत नाही."

"दुखत नाही म्हणून दाढ सहा महिने किडू दिलीत. आणि गाठही दुखत नाही, तर ती दिवसातून तीनदा मोजलीत."

मी तोंड मिटलं. त्या पुढे म्हणाल्या, "तुमच्या कंपनीत कधी संप झालाय?"

"झाला होता एकदा."

"तेव्हा गेटवर जास्त सिक्युरिटी ठेवली असेल, मोठी केबिन बांधली असेल. संप मिटल्यावर केबिन पाडली का?"

"नाही, तशीच आहे. आता तिथे छत्र्या ठेवतात."

"तसंच हे. या गाठी सगळ्यांना असतात. दात, घसा, डोकं, कुठे जंतू आले की त्या वाढतात. नंतर काही बारीक होतात, काही तशाच राहतात."

तेव्हा वहिनी पहिल्यांदा बोलली. "डॉक्टर, आमच्या मालकांना अशीच आली होती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कशी होती ती?"

"दगडासारखी. हलायची नाही. दर महिन्याला मोठी दिसायची. आणि आवाज गेला होता त्यांचा."

"ही तशी नाही. मऊ आहे, बोटाखाली सरकते. हात लावून बघा हवं तर."

वहिनीने हात पुढे केला, अर्ध्यावर थांबली आणि मागे घेतला. "नको. मला नाही जमणार."

डॉक्टरांनी पेन पुन्हा उचललं. मग मला म्हणाल्या, "मला काळजीचं वाटत नाही. पण दोन महिने झालेत, घरात हे होऊन गेलंय, आणि टीबीही बघायला हवा. सोनोग्राफी करू, रक्त तपासू आणि सुईने थोडं पाणी काढून बघू."

सुई

सुईबद्दल एवढंच सांगतो: ती मी कल्पना केली होती त्याच्या शंभराव्या हिश्शानेही दुखली नाही. मी डोळे गच्च मिटून देवाचं नाव घेत होतो, तेवढ्यात टेक्निशियन म्हणाला, "काका, झालं. आता माझा हात सोडा." त्याचं मनगट मी इतकं आवळलं होतं की त्यावर बोटं उमटली होती. त्या दिवशी त्या खोलीत जखमी झाला तो एकटा तोच.

बाहेर फरशी पुसणाऱ्या मावशींनी आम्हाला पाय वर घ्यायला लावले, मग वहिनीकडे बघून थबकल्या. "ताई, तुम्ही परत?" वहिनीने माझ्याकडे बोट केलं.  मावशींनी फडकं बादलीत टाकलं, गेल्या आणि दोन कप चहा घेऊन आल्या. तो चहा आम्ही प्यायचा नाही त्या टपरीचा होता. दोघांनीही शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

रिपोर्ट तीन दिवसांनी. ते तीन दिवस मी कामावर होतो, आणि मी पास केलेले पार्ट कुठल्या गाड्यांना लागले असतील देव जाणे. तिसऱ्या दिवशी गेटवरून फोन आला, तुमची मिसेस आलीय. मंगल कधी कंपनीत आली नव्हती. गेटपर्यंतचं अंतर दोन मिनिटांचं, पण त्या दिवशी किती लागली ते मी मोजलं नाही, एवढी एकच गोष्ट न मोजलेली.

ती डब्यांच्या पिशव्या खांद्याला लावून उन्हात उभी होती. हातात लिफाफा, फोडलेला.

"काय आहे?"

"डॉक्टरांना विचारून आले. कॅन्सर नाही. टीबी नाही. साधी सूज आहे, दाढेची असेल."

आणि मग तिने तो लिफाफा माझ्या छातीवर मारला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. बाजूच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली वाकून बघायला लागला. मंगल रडत होती, मारत होती, आणि म्हणत होती, "वाटाणा! वाटाण्यापायी खाल्लंत मला!"

अशा वेळी नवऱ्याने काय म्हणावं? काहीही म्हणावं, पण मी म्हणालो ते म्हणू नये. मी म्हणालो, "सुई गाठीत नीट गेली असेल ना?"

तिने रडणं थांबवलं. पिशव्या सावरल्या आणि रस्ता ओलांडून निघून गेली.

सहा आठवडे

माझी बाजू सांगतो. हजार पार्टांतले पाच तपासून हजार पास करणं हे आमचं रोजचं काम, आणि त्या पाचांवर किती विसंबायचं ते आम्हालाच ठाऊक असतं. सुईत आला तो गाठीचा एक कण. बाकीच्या गाठीत काय आहे? गाठ तर जागेवरच होती. दाढ काढली, कोंड्याचा शाम्पू लावला, तरी होती. चांगला रिपोर्ट आल्यावर भीती जाते असं वाटत असेल तर तसं नसतं. ती फक्त जागा बदलून बसते.

मी एकटाच पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. "मॅडम, काढूनच टाका. नको तो पार्ट."

"काढायची गरज नाही. उगाच मानेवर व्रण राहील. तुम्हाला औषध वेगळं देते. सहा आठवडे गाठीला हात लावायचा नाही. मोजायचं नाही, चाचपायचं नाही, आरशात बघायचं नाही. ताप आला, वजन खरंच घटायला लागलं किंवा न दाबता, घरच्यांना नुसती बघूनच मोठी दिसायला लागली तर लगेच या. नाहीतर सहा आठवड्यांनी सोनोग्राफी. ते मशीन मोजेल, तुम्ही नाही."

इंजेक्शन घेऊन लोक रडतात. मला विचाराल तर याहून कडू औषध मी घेतलं नाही. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत हात चार वेळा अर्ध्यावरून परत आणला. युनूसभाईंनी टूलरूममधून मला व्हर्नियर द्यायचं बंद केलं; लागेल तेव्हा ते स्वतः घेऊन येत, मी मोजेपर्यंत समोर उभे राहत आणि परत घेऊन जात. "पार्ट मोजा, भाऊ. स्वतःला नका मोजू."

मग मी शोध लावले. खांदा वर करून मान दाबली तर तो हात होत नाही. उशीची शिलाई नेमकी तिथे आणली तर तोही हात होत नाही. सगळ्यांत भारी हेल्मेटचा पट्टा. तो एक घर आवळला की नेमका गाठीवर बसतो. निघोज्याहून महाळुंग्यापर्यंत खड्ड्याखड्ड्याला गाठ लागायची: आहे, आहे, आहे. आठवडाभर मी असा कायदा पाळून गुन्हा करत होतो. मग तोही पुरेना, आणि चौथ्या आठवड्यात एकदा कंपनीच्या संडासात दार लावून मी पंधरा मिनिटं नुसती मान चाचपली. बाहेर आलो तेव्हा दारुड्याला वाटत असेल तसं वाटलं. लाज, आणि आतून थकवा.

त्या संध्याकाळी जेवताना आई बघत होती.

"मानंला काय झालं? तांबडी झालीया."

मंगल आणि वहिनी दोघींचे हात ताटात थांबले.

"हेल्मेटचा पट्टा, आई."

"व्हय?" आई म्हणाली आणि भाकरी मोडली. पुढे काही विचारलं नाही.

त्यानंतर मात्र मी हात लावला नाही. शहाणपण आलं म्हणून नाही. दमलो होतो म्हणून. भिऊन भिऊन माणूस एका जागी येतो जिथे भ्यायलाही अंगात त्राण उरत नाही. त्याला लोक धीर म्हणत असतील तर म्हणोत.

आठ

सहा आठवड्यांनी सोनोग्राफीत गाठ निघाली आठ मिलिमीटर. गेली नव्हती. वाढलीही नव्हती. मी गाठ गेल्याची तयारी केली होती, वाढल्याचीही केली होती. याची केली नव्हती.

"म्हणजे काय समजायचं?"

"म्हणजे आहे," डॉक्टर म्हणाल्या. "राहील कदाचित. वर्षं राहील, कायमची राहील. तीन महिन्यांनी एकदा दाखवून जा, मग बहुतेक तेही नको."

"आणि उजवीकडे पण एक बारीक लागते हल्ली."

"उजवीकडे हात कोणी लावला?"

मी जमिनीकडे बघितलं. त्यांना हसू आलं. "सापडेलच. शोधलं की सापडतात. शोधू नका."

जे वाचतायत त्यांना माझ्या अनुभवातून दोनच गोष्टी सांगतो. गाठ कडक असेल, हलत नसेल, वाढत असेल, आवाज बसला असेल, ताप जात नसेल तर माझ्या दादासारखा टॉवेल गुंडाळून हिंडू नका. त्याच दिवशी जा. आणि जाऊन आलात, सगळं तपासून झालं, डॉक्टर म्हणाले की साधी आहे, तर माझ्यासारखे हिंडू नका. हे दुसरं जास्त अवघड आहे, हे मला माहीत आहे.

आई

त्या दिवशी दुपारी घरी आलो तर आई ओट्यावर बसली होती. गाडी लावतोय तोच म्हणाली, "विलास, हिकडं ये. बस."

बसलो.

"कुठली बाजू?"

"कशाची?"

"सोंगं नको करू. पाच महिनं मान धरून हिंडतुयास. शोभाचा चष्मा अजून आला न्हाई. म्या काय आंधळी हाय?"

दारात वहिनी येऊन उभी राहिली होती. तिच्यामागे मंगल. दोघींपैकी कोणी मला वाचवायला पुढे आलं नाही.

"डावी," मी म्हणालो.

आईने हात पुढे केला. तिची बोटं खरखरीत, भांडी घासून गार झालेली. कानाखाली चाचपत गेली, चुकली, परत आली आणि नेमकी थांबली. पाच महिन्यांत माझ्याशिवाय घरातल्या कोणाचं बोट त्या गाठीला लागलं नव्हतं.

"हीच व्हय?"

"हीच."

तिने हळूच ती इकडून तिकडे सरकवली. "पळती की ही."

"हो. तपासलं सगळं. काही नाही आई, साधी आहे. खरंच. कागद दाखवतो."

"कागुद ऱ्हाऊ दे." बोटं तिथेच होती. समोरच्या रस्त्याने कंपनीची बस गेली. मग माझ्याकडे न बघता आई म्हणाली, "त्येची कशी व्हती?"

कोणाची, हे विचारायची गरज नव्हती. चार वर्षांत आमच्या घरात हा प्रश्न कोणी कोणाला विचारला नव्हता. उत्तर मला वहिनीकडून ऐकून माहीत होतं, हाताने नव्हतं. मीसुद्धा दादाच्या मानेला कधी हात लावला नव्हता.

"दगडासारखी होती, आत्या," वहिनी दारातूनच म्हणाली. "हलत नव्हती."

आईने मान हलवली, जणू कोणीतरी तिची राहिलेली वस्तू आणून दिली.

"मला हात लावू दिला न्हाई तुमी."

 वहिनी येऊन आईच्या पायाशी पायरीवर बसली. मी उठायला लागलो, तर आईचा हात मानेवरून निघेना.

"दुखतंय का?"

"नाही."

"मग बस की जरा."

मी बसलो.